उचललेल्या जुन्या पिकअपने डोंगरातले तीन दिवस, आणि ट्रॅक बारचा बोल्ट

गाडी पंचवीस वर्षांहून जुनी. पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड आस), कॉइल स्प्रिंग, 4 इंच लिफ्ट (गाडी मूळ उंचीपेक्षा तेवढी उचललेली) आणि 33 इंची टायर. पहिल्याच दिवशी ताशी 80च्या आसपास पुलाच्या सांध्यावर पुढचं चाक आपटलं आणि दोन्ही चाकं थडथडायला लागली. स्टिअरिंग हातातून हिसकलं जात होतं, बाजूला बसलेल्या मित्राने दोन्ही हातांनी दार धरलं होतं. असं झालं की जोरात ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगशी झुंजू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, चाक सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. 50च्या खाली आल्यावर आमची गाडी शांत झाली.

निघण्याआधी मी स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे धक्के शोषणारा दट्ट्या, नवा बसवला होता. आता वाटतं, तिथेच चुकलं. डॅम्पर थरथर दाबतो, पण ढिलाई तशीच राहते आणि आपल्याला ती कळत नाही.

रस्त्याकडेला सपाट जागा पाहून चाकांना अडण्या लावल्या. गाडी जॅकवर घ्यायची नाही, वजन चाकांवरच हवं. इंजिन चालू ठेवून मित्र स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहिला आणि मी टॉर्च घेऊन खाली पाहत होतो. टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे सांधे) ठीक होते, ड्रॅग लिंकही (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा). ट्रॅक बार म्हणजे अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून तो चासीला बांधणारा दांडा; त्याच्या चासीकडच्या टोकाला मात्र बोल्टच्या डोक्याभोवती गंज घासून चंद्रकोरीएवढा पत्रा चकाकत होता, खाली तांबडी भुकटी. तिथे बोट ठेवल्यावर प्रत्येक वळवणीला टकटक जाणवली. भोक लांबट झालं होतं. बोल्ट घट्ट आवळला, पण तो तात्पुरता उपाय. पुढे सगळा प्रवास 50च्या आत केला.

दुसऱ्या दिवशीच्या दगडी वाटेवर वेगळंच दुखणं दिसलं. नाक खाली दबलं की गाडी स्वतःहून एका बाजूला वळायची. लिफ्टसोबत खाली झुकलेला पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक हलवणारा दांडा) बसवला होता, ट्रॅक बारचा ब्रॅकेट मात्र जुन्याच उंचीवर. ड्रॅग लिंक आणि ट्रॅक बार शक्य तितके समांतर हवेत, नाहीतर सस्पेन्शन हललं की दोघे वेगवेगळ्या कमानीत फिरतात आणि चाक ओढलं जातं. यातला एकच भाग बदलून लिफ्ट लावणाऱ्यांनी हे नक्की तपासावं. अशा खाली झुकलेल्या पिटमन आर्मने स्टिअरिंग बॉक्सवर ताणही वाढतो, म्हणून बॉक्सजवळची चासी घासून-पुसून तडे बघा.

तिसरा दिवस सुरळीत गेला. परतल्यावर त्या ब्रॅकेटवर नेमक्या भोकाची जाड प्लेट वेल्ड करून घेतली आणि योग्य जाडीचा नवा बोल्ट घातला. अ‍ॅक्सलही एका बाजूला सरकला होता, तो अ‍ॅडजस्टेबल ट्रॅक बारने मध्ये आणला. मग अलाइनमेंट. लिफ्टमुळे कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होतो; वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नसेल तर तोही मोजायला सांगा. आणि पहिल्या 100 किलोमीटरनंतर ट्रॅक बारचे दोन्ही बोल्ट पुन्हा आवळा, गाडी चाकांवर उभी असतानाच.