कॉल आला, नंबर नाही

आमच्या आपत्कालीन मदत कक्षात कॉल उचलण्याआधीच स्क्रीनवर बरंच काही येऊन बसलेलं असतं. फोन करणाऱ्याचा नंबर, कॉल कोणत्या टॉवरवरून आला, त्या टॉवरच्या कोणत्या बाजूच्या अँटेनाने तो पकडला, आणि फोन बऱ्यापैकी नवा असेल तर नकाशावर एक लहानसं वर्तुळ. त्या संध्याकाळी नंबराच्या रकान्यात यंत्रणेने स्वतःच भरलेले ठरावीक आकडे होते. वर्तुळ नव्हतं. टॉवर तेवढा दिसत होता.

असे आकडे दिसले की आम्ही खुर्चीत सावरून बसतो. फोनला स्वतःच्या कंपनीची रेंज नसते तेव्हा तो आसपासच्या कुठल्याही कंपनीचा टॉवर शोधून ठेवतो आणि पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं लिहून येतं. बरेच जण ते वाचून फोन खिशात टाकतात, त्यांना वाटतं आता काहीच लागणार नाही. खरं तर एकच कॉल लागू शकतो, आणि नेमका तोच हवा असतो. पण त्या परक्या टॉवरच्या लेखी हा फोन कुणाचाच ग्राहक नसतो. त्याची नोंदच झालेली नसते. म्हणून नंबर येत नाही आणि, जास्त वाईट म्हणजे, कॉल कट झाला तर आम्हाला उलटा फोन लावता येत नाही. समोरच्याने पुन्हा लावला तरच.

“हॅलो, आजोबांना लागलंय... खूप...” लहान मुलीचा आवाज. धापा टाकत होती.

“बाळा, कुठून बोलतेस? आधी जागा सांग.”

“आमच्या घरून... म्हणजे घराच्या वरून, खाली रेंज नाही...”

आवाज तुटला, मग नुसती खरखर, मग कॉल कट.

‘काय झालं’ हे आधी विचारणाऱ्या कॉल-टेकरची मला नेहमी काळजी वाटते. अपघात कसलाही असो, गाडी तर पाठवायचीच असते. कुठे पाठवायची ते कळलं नाही तर बाकीची सगळी माहिती हातात घेऊन बसायचं. त्या मुलीच्या बोलण्यातून एवढंच कळलं होतं की घर खाली आहे आणि ती वर चढून बोलतेय. आणि टॉवर.

टॉवर नकाशावर उघडला. तलावाच्या काठी, वस्तीला लागून. सगळ्यांत जवळची अँब्युलन्स तिथून काही मिनिटांच्या अंतरावर उभी होती. डिस्पॅचवरचा, म्हणजे गाड्या पाठवणारा मुलगा म्हणाला, “सोडू का?” आमच्या सुपरवायझर मॅडम त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, “वस्तीत रेंज नाही म्हणून टेकाडावर कोण चढेल? टॉवर तर तिथेच आहे. मग ही पोरगी टॉवरजवळची नाही.”

एवढ्या साध्या तर्काने पुढची सगळी संध्याकाळ बदलली. अँटेनाचं तोंड पाण्याकडे होतं. उघड्या पाण्यावरून सिग्नल अडत नाही, लांबवर जातो. डोंगर मध्ये आला की दोन किलोमीटरवर फोन मुका होतो आणि तलावापलीकडे दहा किलोमीटरवर टेकडीच्या माथ्यावर तोच टॉवर मिळतो.

मॅडमनी त्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्क कक्षाला हॉटलाइनवर फोन लावला. कॉल टूजीवर आला होता, आणि जुनं असलं तरी टूजीचं एक बरं असतं. फोनचा आवाज टॉवरपर्यंत वेळेवर पोचावा म्हणून टॉवर फोनला सांगतो, तू इतका आधी बोल. ते ‘इतकं’ पायऱ्यांमध्ये मोजलेलं असतं आणि एक पायरी म्हणजे साधारण ५५० मीटर. पायऱ्या शून्यापासून ६३ पर्यंत असतात, म्हणूनच साध्या टूजी टॉवरचा पल्ला ३५ किलोमीटरच्या आसपास संपतो. फोनवरचा कंपनीचा इंजिनिअर शांत माणूस होता. कॉल चालू होता तेवढ्या वेळाची नोंद काढून तो म्हणाला, “पायरी अठरा.” अठरा गुणिले ५५०, म्हणजे दहा किलोमीटरला थोडं कमी. अँटेनाच्या दिशेने ते अंतर मोजलं की बोट तलावाच्या पलीकडच्या काठावर टेकत होतं.

पलीकडे जायचं तर पूर्ण वळसा. अलीकडची गाडी सोडली असती तर ती टॉवरखाली जाऊन उभी राहिली असती आणि ड्रायव्हरने वायरलेसवर विचारलं असतं, “मॅडम, पेशंट कुठाय?” पलीकडच्या बाजूची गाडी लांब होती, तरीही तीच निघाली. अलीकडचीला सांगितलं, इंजिन चालू ठेव, पण हलू नकोस.

नंतर कुणीतरी मला विचारलं, हल्ली तर फोन आपोआप जागा पाठवतो ना? पाठवतो. एएमएल नावाची सोय २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली, २०१६ पासून अँड्रॉइडमध्ये आणि २०१८ मध्ये आयफोनमध्ये आली. ज्या देशांनी ती जोडून घेतली आहे तिथे आपत्कालीन नंबर फिरवला की फोन जीपीएस चालू करतो आणि जागेचा गुपचूप मेसेज धाडतो. पण मेसेज जायला किंवा इंटरनेट चालायला फोनची नेटवर्कवर नोंद लागते. परक्या टॉवरवर तीच नसते. म्हणजे जिथे माणूस सगळ्यांत एकटा पडलेला असतो, नेमकं तिथे हे वर्तुळ येत नाही. या सोयीच्या जाहिरातींत ही ओळ मला कधी दिसलेली नाही.

पुढचा कॉल माझ्याकडे आलाच नाही. कॉल मोकळ्या टेबलाकडे जातो, मागचं कुणी ऐकलंय याच्याशी यंत्रणेला देणंघेणं नसतं. दोन टेबलं सोडून बसलेल्या सहकाऱ्याने हात वर केला आणि ओरडला, “तीच!” मी हेडसेट ओढत त्याच्याकडे गेले.

या वेळी मुलगी जरा सावरली होती. आम्ही विचारायच्या आत तिने सांगितलं, “तलावाच्या मागच्या बाजूला. पडकं पंपघर आहे, त्याच्या वर आमचं एकटंच घर.” पंपघर नकाशावर होतं. गाडीला जागा मिळाली.

लाकूड फोडताना कुऱ्हाड निसटून आजोबांच्या मांडीत गेली होती. खाली आजी एकटी. आता आमच्यासमोर जो पेच होता तो पुस्तकात सहसा नसतो. प्रशिक्षणात शिकवतात की फोन स्पीकरवर ठेवायला सांगा, पेशंटजवळ राहा, एकेक सूचना द्या. इथे फोन वर आणि पेशंट खाली. मुलगी फोनवर राहिली तर खाली हात कमी, खाली गेली तर आम्ही बहिरे. त्यात कॉल कधी तुटेल त्याचा भरवसा नाही. म्हणजे जे सांगायचं ते दोन श्वासांत, आणि बारा वर्षांच्या मुलीला पळत खाली नेता येईल एवढंच.

मी म्हटलं, “जाड कापडाची घडी कर, जखमेवर ठेव, दोन्ही हातांनी जोर लावून दाबा. उचलून बघायचं नाही. रक्त वर आलं तर त्यावरच दुसरं कापड. आजीने दाबत राहायचं, सोडायचं नाही. म्हणून दाखव.”

तिने जसंच्या तसं म्हणून दाखवलं. “उचलून बघायचं नाही” हे दोनदा.

“आता कुठे उभी आहेस?”

“मोठ्या दगडावर.”

“परत येशील तेव्हा ह्याच दगडावर. दुसरीकडे शोधत फिरू नकोस.”

हे मी प्रत्येकाला सांगते. रेंज नसली की माणसं फोन हवेत धरून चालत सुटतात, आणि चालता चालता लागलेला कॉल पुढच्या चार पावलांत घालवतात. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण एक फूट. दगडधोंड्यांवरून आपटून आलेल्या लहरी कुठे एकमेकींत मिसळून वाढतात, कुठे एकमेकींना मारतात. दोन हात सरकलं तरी फरक पडतो. एकदा लागला ती जागा सोडायची नाही. आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या रेंजच्या काड्यांवरही फार विश्वास ठेवायचा नाही. काड्या सांगतात टॉवरचा आवाज फोनला किती ऐकू येतो. टॉवरकडे ताकद भरपूर. फोरजीवर आपला फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटवर बोलतो. त्याचा आवाज तिकडे पोचतोय का, हे काड्या सांगत नाहीत.

“बॅटरी किती आहे?”

“नऊ टक्के.”

रेंज शोधत राहणारा फोन बॅटरी खाऊन टाकतो. तिला सांगितलं, खाली जाताना फ्लाइट मोड लाव, वर दगडावर आलीस की काढ. एरवी हा सल्ला मी देणार नाही, कारण आमचा फोन यायचा असतो. इथे आमचा फोन जाणारच नव्हता, मग जागं ठेवून काय उपयोग? टॉर्चही लावू नको म्हटलं. तर म्हणाली, “लागतच नाही, मला वाट पाठ आहे.”

मग ती गेली. मधल्या काळात पलीकडची गाडी घाटाच्या वळणात शिरली आणि ड्रायव्हरचा मोबाइलही गेला. वायरलेस सेट होता म्हणून त्याचं नि आमचं बोलणं चालू राहिलं. असल्या भागात वायरलेस काढून सगळं मोबाइल ॲपवर न्यायचं, असा प्रस्ताव मध्ये कधीतरी आला होता. तो मांडणाऱ्याला त्या दिवशी डिस्पॅचच्या खुर्चीत बसवायला हवं होतं.

मुलगी पुन्हा आली तेव्हा कॉल आणखी तिसऱ्याच टेबलावर गेला, पण एव्हाना सगळ्या हॉलला ती माहीत झाली होती. आजी दाबून बसली होती, आजोबा बोलत होते, “थंडी वाजतेय” म्हणत होते. पांघरूण घाला, आडवंच ठेवा, पाणी पाजू नका. दगडावरून तिला खालचा रस्ता दिसत होता. तिनेच सांगितलं, “दिवे दिसतायत, पण ते पंपघराच्या खालच्या फाट्याने चाललेत.” वायरलेसवर ड्रायव्हरला थांबवलं, मागे घेतलं, वरच्या फाट्याने आणलं. हे आमच्या कुठल्याच नकाशावर कळलं नसतं. आजोबांना हॉस्पिटलच्या ताब्यात दिलं तेव्हा ते शुद्धीवर होते. त्यापुढचं आमच्याकडे येत नाही.

आठवड्याच्या आढाव्यात यावरून थोडी वादावादी झाली. सहकाऱ्यांपैकी एकाचं म्हणणं, बिननंबरी कॉल बंदच करा. सिम नसलेल्या फोनवरून शिव्या देणारी, खेळणारी मुलं, खिशात दाबले गेलेले फोन, यातच शिफ्ट जाते. त्याचा वैताग खोटा नाही. ब्रिटनमध्ये सिम नसलेल्या फोनवरून कॉल घेतच नाहीत, तेही याच कारणाने. पण तिथे सिम असलेल्या आणि रेंज नसलेल्या फोनला २००९ पासून दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरू देतात. आमच्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, खरी अडचण ती आहे. ते वेगळे दाखवा, अशी मागणी मी लिहून दिली. उपग्रहावरून मदत मागणाऱ्या फोनचाही विषय निघाला. चांगली गोष्ट आहे, पण त्याला मोकळं आकाश लागतं आणि तसला फोन लागतो. त्या मुलीच्या हातातला फोन तसला नव्हता, बहुधा आजीचा बटणांचा असावा.

तलावापलीकडे टॉवरची मागणी कंपनीकडे गेली आहे, कधी उभा राहील ते त्यांनाच माहीत. तोवर आमच्या यंत्रणेत त्या टॉवरवर एक टीप चढवली आहे, कॉल आला की आपोआप उघडते: ‘पाण्याकडचा अँटेना, पायरी १५ च्या पुढे असेल तर आधी पलीकडचा काठ धरा. पंपघराच्या वरच्या फाट्याने गाडी पाठवा. कॉल करणारा पेशंटजवळ नसण्याची शक्यता, सूचना तोंडपाठ करून घ्या.’