रंगूनच्या आकड्यांच्या गल्ल्या

आमच्या रत्नागिरीत थिबा राजवाडा हे शाळेच्या सहलीचे ठरलेले ठिकाण होते. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले, ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला आगबोटीने इरावतीतून रंगूनला आणि तेथून मद्रासमार्गे रत्नागिरीला आणले आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला, एवढे आम्हां सर्वांना पाठ असे. वाटेतल्या रंगूनविषयी मात्र कुणी कधी काही सांगितले नव्हते. त्यामुळे गेल्या वर्षी तिथे जाण्याचा योग आला तेव्हा पॅगोड्यांइतकेच त्या शहराचे इंग्रजी अमदानीतले रूप पाहायचे, असे मी ठरवले होते.

१८५२ च्या दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर नदीकाठची दलदलीची जमीन भरून काढून, सुळे पॅगोडा मध्यभागी धरून, इंग्रजांनी हे शहर बुद्धिबळाच्या पटासारखे आखले. मोठ्या रस्त्यांना डलहौसी, फ्रेझर, फेअर अशा साहेबांची नावे मिळाली आणि अरुंद गल्ल्यांना नुसते आकडे. स्वातंत्र्यानंतर साहेबांची नावे गेली. डलहौसी रस्ता ब्रह्मी सेनापती महाबंदुलाचा झाला, फ्रेझर रस्ता अनवरथा राजाचा. गल्ल्यांचे आकडे मात्र तसेच राहिले, कारण आकडा कुणाला खुपत नाही.

पर्यटक पाहतात त्या इमारती मीही पाहिल्या. सार्कीज बंधूंनी १९०१ मध्ये उघडलेले स्ट्रँड हॉटेल चकचकीत आहे, आणि त्याहून अधिक त्याविषयी लिहावेसे वाटत नाही. सचिवालयाची गोष्ट वेगळी. लाल-पिवळ्या विटांची ही इमारत शहराचा एक अख्खा चौक व्यापून आहे. १९ जुलै १९४७ रोजी, ब्रह्मदेशाच्या स्वातंत्र्याला सहा महिनेही उरले नसताना, इथेच बैठक चालू असताना स्वातंत्र्यलढ्याचे नेते आंग सान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ती खोली आता जपून ठेवलेली आहे. २००५ मध्ये राजधानी नेपिडोला हलली आणि रंगूनमधल्या कितीतरी सरकारी इमारती ओस पडल्या. त्यांच्या भिंतींतून पिंपळ वर आले.

पण मला अधिक धरून ठेवले ते सोफेर इमारतीने. बगदादहून आलेल्या ज्यू कुटुंबातील आयझॅक सोफेर यांनी ती १९०६ मध्ये बांधली. तिची फरशी मँचेस्टरहून आणि लोखंडी तुळया स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशायरहून आल्या होत्या. एका दारातून आत डोकावलो तर फरशीचे कोपरे झिजून गुळगुळीत झालेले, पण मधली नक्षी अजून ठसठशीत. माल विलायतेचा आणि मालक बगदादचा, तर या शहराची गोदी चालवणारे हमाल बहुतांशी तेलुगू मुलखातले, ज्यांना इथे कोरंगी म्हणत. १९३१ च्या खानेसुमारीत रंगूनची निम्म्याहून अधिक वस्ती हिंदुस्थानी होती. या शहराला इंग्रजांचे शहर म्हणणे मला तेव्हापासून जड जाऊ लागले.

या गर्दीची दुसरी बाजू फारशी सुखाची नाही. मोगल स्ट्रीटवरच्या चेट्टियार सावकारांनी दक्षिण ब्रह्मदेशातल्या भातशेतीला कर्ज पुरवले. १९३० च्या मंदीत भाताचा भाव कोसळला, शेतकऱ्यांची कर्जे थकली, आणि १९३८ पर्यंत तिथली जवळपास चतुर्थांश भातजमीन चेट्टियारांच्या नावावर गेली. ज्याची जमीन गेली त्याचा राग सावकारावरून सरसकट सगळ्या हिंदी माणसांवर उतरला. त्याआधीच मे १९३० मध्ये गोदीतल्या हिंदी हमालांचा संप झाला होता. संपकऱ्यांच्या जागी ब्रह्मी मजूर घेतले आणि संप मिटताच त्यांना घालवून दिले. त्यातून मोठी दंगल उसळली. मजुरांना एकमेकांसमोर उभे करणाऱ्या कंपन्यांच्या वाटेला तो राग फारसा गेला नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी बाँब पडू लागले तेव्हा लाखो हिंदी माणसे घरदार सोडून निघाली. त्यांतली कितीतरी जंगल तुडवत आसाम आणि मणिपूरच्या वाटेवरच संपली. जे राहिले किंवा परतले त्यांच्यातल्याही पुष्कळांना १९६४ च्या राष्ट्रीयीकरणानंतर जवळपास रिकाम्या हाताने निघावे लागले.

सव्विसाव्या गल्लीत १८९६ मधले ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. आजूबाजूला मुसलमान व्यापाऱ्यांची दुकाने. आत निळा-पांढरा रंग, उंच छत आणि शांतता. प्रार्थनेला येणारी कुटुंबे आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

बाहेर पडलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. गल्लीतल्या चार-पाच मजली घरांच्या गॅलऱ्यांमधून दोऱ्या थेट फुटपाथपर्यंत लोंबत होत्या, टोकाला कागद अडकवायचा चिमटा आणि वर घंटी. एका पोऱ्याने चिमट्याला समोश्यांची पिशवी अडकवली आणि दोरीला हिसका दिला. वर कुठेतरी घंटी वाजली, आणि पिशवी गरगरत, मधल्या दोन मजल्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना चुकवत, वर निघाली.