तुम्ही विचारलंत म्हणून: नवरा रात्र रात्र गेम खेळतो, राग नाही येत?

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाचदा तरी येतो. भिशीत, हळदीकुंकवाला, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात कापूस कोंबून ठेवलेला असताना विचारलं, "तुमचे मिस्टर अजून हेडफोन लावून बसतात म्हणे? तुम्ही चालवून कसं घेता?" तेव्हा उत्तर देणं शक्य नव्हतं. आता देते.

राग येतो. बेसिनमध्ये भांडी पडलेली असताना आतून "डावीकडून येतोय, डावीकडून!" असं ओरडणं ऐकू आलं की कुणालाही येईल. पण तुम्हाला अपेक्षित असलेला मोठा राग, बॅग भरून माहेरी जाण्याचा, तो एप्रिल २०११ नंतर मला कधी आला नाही.

त्या वर्षी जानेवारीत, लग्नानंतर तीन आठवड्यांनी, मी न्यू जर्सीत एडिसनला जाऊन पोचले. एच-फोर व्हिसा, म्हणजे तिथे नोकरीला असलेल्याच्या बायकोला मिळणारा; त्यावर तेव्हा नोकरी करायची परवानगी नाही. गाडी चालवता येत नाही, बाहेर गुडघाभर बर्फ. नवरा सकाळी साडेसातला निघायचा आणि संध्याकाळी सातला परतायचा. जेवण झालं की ठीक दहा वाजता त्याचं प्लेस्टेशन थ्री सुरू, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं यंत्र. गेम 'कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स', लांबलांबच्या माणसांबरोबर खेळायचा गोळीबाराचा. मग मी आतल्या खोलीत जाऊन कॉलिंग कार्डवरचा लांबलचक नंबर दाबायची. घड्याळं एप्रिलमध्ये एक तास पुढे असतात, त्यामुळे आमचे रात्रीचे दहा म्हणजे सातारला सकाळचे साडेसात. आईचा दुसरा चहा. म्हणजे रात्री दहानंतर आम्ही दोघंही एडिसनमध्ये नसायचोच. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला फक्त तो नसतो एवढंच दिसायचं.

२० एप्रिल, बुधवार. यंत्र सुरू होईना. म्हणजे यंत्र सुरू होत होतं, पण नेटवर्कला, म्हणजे खेळणाऱ्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या सोनीच्या ऑनलाइन सेवेला, जोडलं जात नव्हतं. पडद्यावर ८०७१० ने सुरू होणारा एक कोड आणि देखभालीचं काम चालू असल्याचा निरोप. त्याने राउटर बंद करून चालू केला. मग केबल काढून, फुंकर मारून, परत लावली. मग मला विचारलं, "तू मायक्रोवेव्ह लावलास का?" मी लावला नव्हता. पुढे बरेच दिवस घरात काहीही बिघडलं की मी मायक्रोवेव्हकडे बोट दाखवायचे.

शुक्रवारी सोनीने सांगितलं की बाहेरून कुणीतरी घुसखोरी केली आहे आणि नेटवर्क आम्हीच बंद केलंय. ईस्टरची सुट्टी त्यातच गेली. पुढच्या मंगळवारी, २६ तारखेला, खरी बातमी आली. १७ ते १९ एप्रिलच्या दरम्यान कुणीतरी आत शिरून सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांच्या माहितीपर्यंत पोचलं होतं. नाव, पत्ता, ईमेल, जन्मतारीख, पासवर्ड. क्रेडिट कार्डांबद्दल पुरावा नाही, पण शक्यता नाकारता येत नाही, अशा भाषेत. नवरा दुकानात मिळणारी वीस डॉलरची प्रीपेड कार्डं वापरायचा, त्यामुळे तिथे आमचं काही अडकलेलं नव्हतं. मात्र पासवर्ड एकच, सगळीकडे. ईमेलला तोच, बँकेला तोच, विजेच्या बिलालाही तोच. ती रात्र तो पासवर्ड बदलत बसला आणि मी वहीत लिहून घेत बसले. (लिहून ठेवू नये म्हणतात. ती वही अजून आहे.)

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. मनात यादीच तयार होती. जेवण झाल्यावर ओक ट्री रोडपर्यंत चक्कर, पान, गप्पा. पहिले चार-पाच दिवस तसं झालंही. दोन महिने रखडलेला पडद्याचा दांडा त्याने लावला. पण दहा वाजले की गडी उठायचा, यंत्र लावायचा, तो कोड बघायचा आणि बंद करून परत यायचा. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत तेच तेच विचारून येणारा एक माणूस असतो ना, तसा.

एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, डिस्क आहे ना घरात? एकट्याने खेळता येतं म्हणालास ना? मग खेळ की."

"एकट्याने काय खेळू?"

"का? गेम तर तोच आहे."

तेव्हा पहिल्यांदा त्याने टेक्सासवाल्याबद्दल सांगितलं. सव्वा वर्ष रोज रात्री तो ज्याच्याबरोबर खेळत होता तो टेक्सासमधला एक माणूस. नाव? माहीत नाही. खेळातलं टोपणनाव तेवढं माहीत. फोन नंबर? नाही. ईमेल? नाही. मी हसले. हसण्यासारखंच होतं ते. मग तो म्हणाला, "मंगळवारी त्याच्या मुलीला ताप होता. मागून रडत होती, म्हणून तो अर्ध्यातून उठून गेला. आता कशी आहे काय माहीत."

मी हसायची थांबले. मंगळवार म्हणजे १९ तारीख, बंद पडायच्या आदल्या रात्रीची गोष्ट. आठवडा उलटला होता आणि हा माणूस रोज दहाला उठून एका तीन वर्षांच्या मुलीचा ताप उतरला का ते बघायला जात होता.

त्या रात्री मी आईला फोन लावला तेव्हा कार्डावरचा नंबर दाबताना माझा हात जरा थबकला. हा नंबर एक दिवस लागलाच नाही तर? आणि कुणी मला म्हणालं, "अगं, बोलायचंच आहे ना, मग भिंतीशी बोल," तर? माझ्याकडे निदान पत्ता होता, दहा नातेवाईक होते, सातारला शेजारच्या काकूंचा नंबर होता. याच्याकडे एक टोपणनाव होतं, आणि ते ज्या यादीत होतं ती यादीच बंद होती.

बाकीच्यांनी काय केलं, तेही तुम्ही विचारता, म्हणून सांगते. त्याच्या ऑफिसातल्या एकाने तडकाफडकी यंत्र विकून दुसऱ्या कंपनीचा एक्सबॉक्स घेतला. दुसऱ्याने विकत घेऊन पडलेले सगळे एकट्याने खेळायचे गेम संपवायला काढले, गृहपाठ केल्यासारखे. काहींची तर तीही सोय नव्हती. कॅपकॉम नावाच्या कंपनीचे एक-दोन डाउनलोड केलेले गेम असे होते की एकट्याने खेळायचं असलं तरी आधी नेटवर्कवर हजेरी लावावी लागे. पैसे देऊन घेतलेली वस्तू घरात असून कुलूपबंद. त्याच यंत्रावर नेटफ्लिक्स बघायची मात्र एक युक्ती सगळीकडे पसरली होती. साइन-इन दोन-तीनदा फसू द्यायचं, मग ते निमूट चालू व्हायचं. त्या युक्तीवर आम्ही बरेच सिनेमे पाहिले.

१ मेला टोकियोत सोनीच्या गेम विभागाचे प्रमुख काझुओ हिराई आणि आणखी दोन अधिकारी पत्रकारांसमोर कमरेत वाकून उभे राहिले. तो फोटो सगळीकडे आला. त्याच आठवड्यात टप्प्याटप्प्याने सेवा सुरू करू, असं तेव्हा सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी कळलं की कंपनीच्या, संगणकावर खेळायच्या ऑनलाइन गेमांचीही २ कोटी ४६ लाख खाती त्यात सापडली आहेत, आणि 'एव्हरक्वेस्ट'सारखे गेमही बंद झाले. महिनाभरापूर्वी, २ एप्रिलला, पहाटे पाचपासून आमच्या बिल्डिंगमधली अकरा माणसं आमच्या हॉलमध्ये वर्ल्ड कपची फायनल बघत बसली होती, तेव्हा हाच टीव्ही कसा भरलेला वाटत होता. आता त्यावर धूळ.

मग एका शनिवारी मीच म्हटलं, "मला शिकव." त्याने बंद पडायच्या आदल्या दिवशी बाजारात आलेला 'मॉर्टल कॉम्बॅट' घेऊन ठेवला होता. एका टीव्हीसमोर दोघांनी मारामारी करायचा गेम. जोरात फटका बसला की समोरच्याचा एक्स-रे दिसतो आणि हाडं मोडताना दिसतात. भयंकर प्रकार. मला फार आवडला. मला एकही डाव येत नव्हता, मी पोह्यात कांदा चिरावा तशी सगळी बटणं एकदम चोपायची, आणि पहिल्या तासात त्याला सहा वेळा हरवलं. चार महिन्यांचा बर्फ, व्हिसा, एकटेपण, सगळं त्या बटणांवर निघालं. तो म्हणाला, "असं खेळत नाहीत." मी म्हटलं, "हाड मोडलं ना?"

आता इथे तुम्हाला वाटेल की बघा, बंद पडलं म्हणून नवरा-बायको जवळ आले. थोडे आलो. पण दहा वाजता तो कोड बघायला उठायचं काही थांबलं नाही, आणि मीही टोकणं सोडलं होतं. उलट मीच विचारायची, "काही कळलं?"

१४ मेला, शनिवारी रात्री, सुरू झालं. सगळीकडे एकदम नाही, राज्याराज्याने. ईशान्येकडची राज्यं आधी, त्यात न्यू जर्सी. आधी यंत्राचं नवं सॉफ्टवेअर, मग सक्तीने नवा पासवर्ड, वहीत नवी ओळ. मित्रांची यादी उघडली. काही नावं उजळली, टेक्सासवाल्याचं विझलेलं. नकाशावर टेक्सासची पाळी यायची होती. मी चहा ठेवला. चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्या सोफ्यावर बसून त्या यादीकडे बघत होते, सासरच्या लोकांची गाडी यायची असावी तशी.

किती वाजता उजळलं ते आठवत नाही, मी तिथेच झोपले होते. जाग आली ती त्याच्या हसण्याने. हेडफोनमधून अस्पष्ट, जाड, अनोळखी इंग्रजी आवाज येत होता. मी खुणेने विचारलं, मुलगी? त्याने अंगठा वर केला आणि लगेच ओरडला, "डावीकडून!"

पुढे जूनमध्ये कंपनीने नुकसानभरपाई म्हणून पाचांतले दोन गेम फुकट निवडायला दिले. त्यातला गोणपाटाच्या बाहुलीचा 'लिटल बिग प्लॅनेट' माझ्यासाठी घेतला. तो आम्ही अजूनही कधीतरी काढतो.

पण त्या रविवारची सकाळ सांगायची राहिली. पहाटे चारला झोपलेला माणूस अकराला उठला. पोहे पुढे ठेवताना मी विचारलं, "मग, फोन नंबर घेतलास ना त्याचा?"

तो चमचा हातात धरून तसाच बसला. "अरे," म्हणाला, "राहिलंच."