हजार डॉलरची दुनळी

भाच्याला दुनळी बंदूक घ्यायची आहे. तो असतो साउथ डकोटात, सू फॉल्सला. तिथे ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी फेजंट या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की त्याचं निम्मं ऑफिस मक्याच्या शेतात असतं म्हणे. रोज माणशी तीन नर मारायची मुभा, मादीला हात लावायचा नाही. बजेट हजार डॉलर, आणि सल्ला मागितलाय ठाण्याच्या चरईत राहणाऱ्या मामाकडे, म्हणजे माझ्याकडे. मामाची सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमच्या इन्स्पेक्शनला झाली, आणि मुरबाडच्या घरात बारा बोअरची दुनळी लहानपणापासून पाहिलेली. एवढं भांडवल त्याला पुरेसं वाटलं.

आपल्याकडे हा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आवरला, उरलंसुरलं १९९१ च्या दुरुस्तीने संपवलं. आजोबा त्याआधीचे. लावा, तित्तर, हरियल, जे मिळेल ते. हरियल पुढे महाराष्ट्राचा राज्यपक्षी झाला; आजोबांना हे कळलं असतं तर त्यांना आधी रस्साच आठवला असता. बंदूक आता चुलतभावाच्या नावावर शेतसंरक्षणाच्या परवान्यावर आहे आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जाऊन बसते. खडकीची शक्तिमान काडतुसं फडताळात जपून ठेवलेली असतात. वाजतात क्वचित, तीही हवेत, डुकरं हाकलायला.

भाचा अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. त्या व्हिसावर तिथे बंदूक बाळगायला एरवी मनाईच, पण शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते. तेव्हा आधी परवाना, मग दुकान. हे त्याला ठाऊक होतं, बरं वाटलं.

त्याने पाठवलेले फोटो मात्र सगळे एकाच छापाचे. एकावर एक नळ्या, एकच चाप, बाजूच्या पत्र्यावर उडते पक्षी कोरलेले. या किमतीत ते कोरीवकाम मशीन करतं आणि पैसे आपण भरतो. मी त्याला शेजारी-शेजारी नळ्यांची, दोन चापांची साधी बंदूक बघायला सांगितली. एका चापावर दोन्ही बार काढायचे तर आत जास्तीची यंत्रणा लागते, आणि स्वस्त बंदुकीत कुरकुर बहुधा तिथूनच सुरू होते. दोन चाप म्हणजे दोन सरळ, वेगळी कामं. शिवाय पक्षी पायाजवळून उठला तर पुढचा चाप ओढून मोकळ्या नळीतून बार, लांब गेला असेल तर मागचा चाप, आवळलेली नळी. निवड बोटाने होते, नळी निवडायचं बटण शोधावं लागत नाही. सीझेडच्या नावाने विकली जाणारी बॉबव्हाइट अशीच आहे, तुर्कस्तानात हुग्लूकडे बनते. स्टोगरची अपलँडर ब्राझीलची, तिच्याहून स्वस्त आणि जरा ओबडधोबड. काडतूस बाहेर उडवणारा इजेक्टर नसला तरी चालेल. रिकामी टरफलं हातानेच काढून खिशात टाकावीत, दुसऱ्याच्या शेतात कचरा कशाला?

ऑफिसातल्या कोणीतरी त्याला जुनी स्टीव्हन्स ३११ सुचवली होती. बंदूक दणकट आहे, वादच नाही. पण सरकारी पाणथळ राखीव जागांवर तिथे शिशाचे छर्रे चालत नाहीत, आणि पोलादी छर्रे जुन्या, कायमच्या फुल चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी पक्की आवळलेल्या नळीतून मारणं म्हणजे नळीचं तोंड फुगवून घेणं. फिरवून बसवायचे चोक असलेली नवी बरी.

आता माझ्या आवडीचा भाग. दुकानदाराला विचारून, बंदूक रिकामी आहे हे स्वतः बघून, नळ्यांखालचा पुढचा लाकडी हात काढायचा आणि बंद बंदूक हलवून बघायची. नळ्या आणि मागची बॉडी यांत जराही खुळखुळ नको. मग ती उजेडासमोर धरायची, सांध्यातून प्रकाशाची रेघ दिसली तर नमस्कार करून निघायचं. बंदूक उघडायचा वरचा खटका नव्या बंदुकीत मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबतो. झिजेल तसा डावीकडे सरकतो, म्हणजे पुढची कित्येक वर्षं तिथे शिल्लक आहेत. नळ्या सुट्या करून खालच्या हुकात बोट अडकवून टांगायच्या आणि टिचकी मारायची. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद आला तर मधली पट्टी नीट झाळलेली आहे, भद्द आवाज आला तर कुठेतरी झाळ सुटलीय. शेवटी नळीतून खिडकीकडे बघायचं. आतली वर्तुळं एकात एक नीट दिसली पाहिजेत; एखादं वाकडं दिसलं तर तिथे पोचा आहे. नळीचं भोक मोजायचं बोअर गेज नसेल तर डोळा हेच गेज.

बारा बोअर की वीस (आकडा मोठा तितकं नळीचं भोक लहान) यावर आमचं फोनवर भांडण झालं. बाराचं भोक १८.५ मिमी, छर्रे जास्त, फेजंट पक्षीही चिवट. पण वीसची बंदूक साधारण सहा पौंडांची असते, बाराची सातच्या पुढे, आणि चालायचं दिवसभर गुडघाभर गवतातून. भाच्याने बारा धरलीय. ठीक आहे, खांदा त्याचा आहे. एकच बजावलं: मित्राची वीसची पिवळी काडतुसं आपल्या खिशात घ्यायची नाहीत. ते काडतूस बाराच्या नळीत आत सरकून अडकतं, वरून दुसरं भरलं आणि चाप ओढला की नळी फुटते. पिवळा रंग त्याच्यासाठीच ठेवलाय.

खरा घोळ दस्त्याचा होणार. तिथल्या बंदुका सहा फुटी माणसाच्या मापाच्या, चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेचौदा इंचांच्या आसपास. आमचा भाचा पाच फूट पाच. लांब दस्ता काखेत अडकतो, बंदूक खांद्यावर येईपर्यंत पक्षी पलीकडच्या शेतात. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे. मान न हलवता दोन नळ्यांमधली पट्टी सरळ दिसली आणि टोकाचा मणी तिच्यावर बसलेला दिसला, तर माप जुळलं. नुसतीच मागची बॉडी दिसली तर दस्ता गालापाशी फार उतरता आहे. लांबी जास्त असली तर सुतारकामात निघते, अर्धा इंच कापून मागचं रबर परत बसवायचं. कोरीवकामाचे वाचलेले पैसे तिथे घाल, म्हटलं.

सूनबाईंनी आधी लोखंडी कपाट आणायला लावलंय, त्यामुळे हजारातले काही गेलेच. बाकीतून मातीच्या तबकड्यांवर सराव करायला काडतुसं घे, आणि दुकानात जाशील तेव्हा ऑक्टोबरमधलं जाड जाकीट अंगात घालून जा, नाहीतर सगळी मापं शर्टावरची येतील, असं काल लिहून पाठवलंय. अजून उत्तर नाही. तिकडे रात्र असेल.