न उडालेले पाचवे रॉकेट

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहायला बसलो, आणि डोळ्यांसमोर आला तो 28 फेब्रुवारीचा, राष्ट्रीय विज्ञान दिनाचा, भरवाऱ्याचा दिवस. आमच्या रॉकेट मंडळाने दोन लिटरच्या शीतपेयाच्या बाटल्यांची पाच रॉकेटे केली होती: आत पाणी, सायकलच्या पंपाने भरलेली हवा, पुठ्ठ्याचे पंख आणि प्लास्टिकच्या पिशवीची हवाई छत्री.

आमच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याला वारा नवा नाही. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या त्यावरच फिरतात. शिपाईमामा सकाळीच अहिराणीत म्हणाले होते, "वारा गैरा शे आज," म्हणजे आज वारा खूप आहे. वारा पश्चिमेकडून होता, तेव्हा रॉकेट पूर्वेला वाहून जाईल असा हिशेब करून मी पाचवीच्या मुलांना पश्चिमेच्या कुंपणाजवळ बसवले. पहिले रॉकेट आमच्या गटाचे होते. ते उड्डाणाच्या उभ्या दांडीवरून सुटले, पश्चिमेकडे कलले आणि त्या मुलांच्या डोक्यावरून कुंपणापलीकडच्या कपाशीत जाऊन पडले. कोणालाही लागले नाही. पण दोन्ही हातांनी डोके झाकून बसलेली एक लहान मुलगी मला आजही दिसते.

सर रागावले नाहीत. त्यांनी दुसरे रॉकेट घेतले, ते आडवे तोलून राहील अशा जागी सुतळी बांधली आणि वाऱ्यात टांगले. रॉकेट डोलत डोलत फिरले आणि त्याचे नाक पश्चिमेकडे, थेट वाऱ्याच्या तोंडावर स्थिरावले. पंख शेपटाकडे असल्यामुळे वारा शेपूट मागे ढकलतो व नाक वाऱ्याकडे वळते, आणि रॉकेट दांडीवरून जितके सावकाश सुटेल तितका हा कल वाढतो, हे त्यांनी तिथेच समजावले. बाटलीत एक तृतीयांश पाणी पुरते. मी जास्त जोराच्या आशेने निम्म्याहून अधिक भरले होते, म्हणून आमचे रॉकेट जड होऊन रेंगाळत सुटले होते.

मग मुलांना दांडीपासून बरेच दूर, पंप मारणाऱ्यांच्या मागे हलवले. दुसरे आणि तिसरे रॉकेट नीट चढले. चौथ्याची छत्री मोठी होती. वर जाताना ते वाऱ्याकडे झुकले खरे, पण छत्री उघडताच उलट पूर्वेला वाहत रस्त्यापलीकडे गेले.

पाचवे रॉकेट दोन बाटल्या जोडून केलेले, महिनाभर खपून सजवलेले होते, आणि पाहुणे त्याच्याचसाठी थांबले होते. तोवर मैदानावर धूळ आणि सुटे कागद उडू लागले होते. सरांनी ते दाखवून सांगितले की असे दिसले म्हणजे वारा ताशी 20 ते 28 किलोमीटरच्या घरात असतो. अमेरिकेतल्या मॉडेल रॉकेटच्या सुरक्षा-संहितेत उड्डाणासाठी ताशी 32 किलोमीटरची मर्यादा आहे. पण आमच्या कुंपणाला लागून रस्ता होता आणि सगळी शाळा मैदानात होती. सर स्वतः पाहुण्यांकडे गेले आणि आज हे रॉकेट उडणार नाही, असे सर्वांसमोर म्हणाले. त्यांच्या आवाजात संकोच नव्हता. आमच्यातला एकजण रडला. मीही रडण्याच्या बेतात होतो.

बाटलीतले पाणी आम्ही मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाला घातले, पंखांची टोके वर्तमानपत्रात गुंडाळली आणि रॉकेट प्रयोगशाळेच्या कपाटात, चंचुपात्रांच्या वरच्या फळीवर उभे करून ठेवले.