आपल्याकडं पन्नास असतंय, सर

१० जुलै २०२४, बुधवार. सकाळचे सव्वासात. मी न्हाणीपाशी दात घासत उभा होतो आणि पत्र्यावरून कुणीतरी धावत गेल्यासारखा आवाज झाला. आधी वाटलं, वानरं आली. मग मांडणीवरचे डबे वाजायला लागले, पिंपातलं पाणी डचमळलं आणि आई आतून ओरडली, "बाहेर व्हा रे, बाहेर!" ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आई माहेरी औशाला होती. किल्लारी तिथून लांब नाही. तेव्हापासून ती उशाशी टॉर्च घेऊन झोपते, आणि जमीन हलली की घरात सगळ्यांच्या आधी तिला कळतं.

धक्का काही सेकंदांचाच. सगळी गल्ली रस्त्यावर आली होती, कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या हातात फोन. थोड्या वेळानं आकडा आला, तीव्रता ४.५, केंद्र हिंगोली जिल्ह्यातच. मार्चच्या २१ तारखेलाही सकाळी असेच लागोपाठ दोन धक्के बसले होते. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून आवाज येतात हे तर आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे अशा सकाळी नुसत्या आकड्यावर कुणाचं समाधान होत नाही. कारण हवं असतं.

कारण साडेआठला व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. औंढ्याच्या लायगो प्रकल्पासाठी चार किलोमीटर खोल बोअर पाडलेत, म्हणून जमीन हलायली, सर्वांना पाठवा. लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी, म्हणजे दूरच्या मोठ्या घटनांनी अवकाशालाच पडणारे बारीक हेलकावे, टिपणारी वेधशाळा. मला ते पाठवणारा पहिला माणूस माझा मित्र होता. आम्ही पाच जण रोज संध्याकाळी बसस्थानकासमोर चहाला बसतो. नवी विंडोज आली, चिपची बातमी आली, एआयनं काही केलं, चांद्रयान उतरलं, की आमची मतं तयार असतात आणि दोन कप चहा जास्त होतो. हा मित्र मोबाइल दुरुस्त करतो. मीटर लावून बघितल्याशिवाय साधा चार्जिंग पॉइंट बदलत नाही. त्यानं न बघता हे पुढं ढकलावं, याचं मला वाईट वाटलं. भूकंपानं हलली नव्हती तेवढी माझी सकाळ त्या मेसेजनं हलली.

मी एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळेत सहायक आहे. बावीस मशीन, त्यातली सोळा चालू, चार जीबी रॅम, सगळ्यांवर लिनक्स. त्या दिवशी बीएस्सी दुसऱ्या वर्षाची बॅच होती, प्रॅक्टिकल पायथनचं. अकरा वाजता आत गेलो तर कुणी जागेवर नव्हतं. सगळी पोरं दारापाशी, खुर्च्या तशाच टेबलाखाली. औंढ्याच्या बाजूचा एक मुलगा मला म्हणाला, "सर, गावात लोक म्हणायलेत, ती मशीन आणली म्हणून हे व्हायलंय. चार किलोमीटर खोल खोदायलेत म्हणं. खरं हाय का?"

चार किलोमीटर हा आकडा खरा आहे. फक्त तो आडवा आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला उभी राहायची आहे ती वेधशाळा इंग्रजी एल अक्षरासारखी असेल. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. भुजा म्हणजे पोकळ नळ्या, आतली हवा काढून टाकलेली. त्यातून लेसर जाणार, टोकाच्या आरशावरून परत येणार, आणि दोन्ही भुजांमधला प्रकाश एकमेकांशी ताडून बघितला जाणार. आरसा चाळीस किलोचा, काचेच्या तंतूंनी टांगलेला, जमिनीचं हलणं त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून. २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची २,६०० कोटींची मंजुरी. त्या जुलैत भुजा उभ्याच नव्हत्या, तर त्यांनी जमीन हलवायची कशी?

एवढं फळ्यावर काढून सांगितलं. पोरांनी माना डोलावल्या, पण मला ती मान ओळखता येते. सरांनी सांगितलं म्हणून डोलवलेली होती. मेसेजही कुणीतरी सांगितलाच होता. त्यांच्यासाठी दोन्ही सारखंच.

म्हणून जर्नल बाजूला ठेवायला लावलं आणि पेनड्राइव्ह काढला. १४ सप्टेंबर २०१५ ला, आपल्याकडच्या घड्याळात दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी, अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन लायगो वेधशाळांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं लांब दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. त्या क्षणाच्या नोंदी कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. बत्तीस सेकंदांची फाइल, सेकंदाला ४०९६ आकडे, म्हणजे एकूण १,३१,०७२. आकारानं एखाद्या फोटोएवढी. कुठला प्रोग्रॅम चालवून ती वाचायची तेही संशोधकांनी सोबत दिलं आहे, आणि ते पायथनमध्येच आहे. मी २०१९ मध्ये एका रात्री हे सगळं उतरवून ठेवलं होतं. सुट्टीत दोन मशीनवर आइन्स्टाइन ॲट होमही चालवलं होतं, त्यात रिकामा संगणक लायगोच्या नोंदी चाळून द्यायला मदत करतो. पण वर्गात कधी उघडलं नव्हतं. अभ्यासक्रमात नाही, वेळ नाही, ही माझी कारणं.

पहिला आलेख काढला. नुसती गिचमिड. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, यात तर काहीच नाही." बरोबर होतं. लहरीनं चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत केलेला बदल प्रोटॉनच्या व्यासापेक्षा काहीशे पट लहान होता, तो अशा खडखडाटात डोळ्याला दिसणार नाही. मग खडखडाट कसला आहे ते बघायचं ठरलं. कोणत्या वारंवारतेला किती गोंगाट, असा दुसरा आलेख काढला. डावीकडं, कमी वारंवारतेला, उंच चढ. ती जमिनीची थरथर. मध्ये खाली उतरता भाग. आणि त्यात मध्येच सुईसारखे उभे काटे.

"हा काटा कितीवर हाय?" लाईनमनचा मुलगा उठून पडद्यापाशी आला. कर्सर नेला. साठ. तो क्षणभर बघत राहिला. "सर, हे लाईटचं हाय का? पण आपल्याकडं पन्नास असतंय, सर."

चौदा वर्षांत या खोलीत मला इतका आनंद झाला नव्हता. तो काटा अमेरिकेच्या विजेचाच. तिकडं वीज साठ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला साठ हेलकाव्यांची, आपली पन्नासची. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वीचा आवाज ऐकायला बसवलेल्या यंत्रात विजेची गुणगुणही उतरली होती, आणि ती एका पोरानं ओळखली, कारण त्याच्या घरात बाप रात्री-अपरात्री डीपीवर जातो. वर्ग पहिल्यांदा बोलायला लागला. औंढ्याला काटा पन्नासवर येणार, हे त्यांनीच ठरवलं. मी काही बोललोही नाही.

पुढचं काम मशीनचं. आधी गोंगाट सगळीकडं सारखा करून घ्यायचा, मग ३५ ते ३५० हर्ट्झच्या बाहेरचं कापून टाकायचं. चार जीबीच्या मशीनला थोडा वेळ लागला. आणि मग पडद्यावर ती आली. लहान लाटा, जवळजवळ येत, उंच होत, एकदम शांत. सगळा प्रकार सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचा. कोणत्या आकाराचा नमुना लावून अशी लहर गोंगाटातून शोधायची, याचं गणित पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच मांडलं होतं, म्हणजे लहर सापडायच्या चोवीस वर्षं आधी. हे सांगताना माझा आवाज चढला असावा. शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

पण कळमनुरी तालुक्यातल्या एका मुलीला ते पटलेलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, हे भूकंपाचंच कशावरून नसंल?" हाच प्रश्न मला हवा होता. दुसऱ्या वेधशाळेची फाइल उघडली. तिच्यातही तीच लहर. भुजांची दिशा वेगळी असल्यानं एक आलेख उलटा करावा लागतो, आणि सुमारे ७ मिलिसेकंद सरकवावा लागतो. मग दोन्ही रेघा एकीवर एक बसल्या. दोन्ही जागांमध्ये सुमारे तीन हजार किलोमीटर अंतर. मी म्हणालो, भूकंपाची लाट सेकंदाला आठ किलोमीटर धरा, भरपूर वेगानं, आणि करा भागाकार. पोरांनी फोनवर केला. ३७५ सेकंद. सहा मिनिटांच्या वर. प्रकाशाच्या वेगानं जाणाऱ्या कशालाही मात्र दहा मिलिसेकंद पुरतात.

ती मुलगी गप्प झाली आणि मग हळूच म्हणाली, "सर, सकाळी मी बहिणीशी बोलत होते. ती नांदेडला असते. मी ओरडले, हलायलं म्हणून. ती म्हणली, इथं काहीच नाही की. आन् दहा-बारा सेकंदांनी तीच ओरडली."

वर्गात कुणी काही बोललं नाही. फळ्यावर मी हिंगोली, कळमनुरी, नांदेड असे तीन ठिपके काढले. जमिनीतली जोरात हलवणारी लाट सेकंदाला साडेतीन किलोमीटर धरली तर दहा-बारा सेकंदांत पस्तीस-चाळीस किलोमीटर जाते. तिच्या गावाचं आणि नांदेडचं केंद्रापासूनचं अंतर तेवढ्यानं कमी-जास्त असू शकतं. सकाळी भीतीनं ओरडलेल्या दोन बहिणींनी न कळत लायगोचंच काम केलं होतं. दोन जागा, एक घटना, मधला वेळ.

तेवढ्यात लाईट गेली. आमच्या यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्याच उतरल्यात, सगळे पडदे काळे. पंखे थांबले, मशीनची घरघर थांबली. माझा लॅपटॉप तेवढा चालू होता. त्याच्यात ती लहर आवाज करून ठेवलेली होती. मूळ लहर ३५ हर्ट्झपासून चढते, ती लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरला झेपत नाही, म्हणून तिची वारंवारता ४०० हर्ट्झनं वर सरकवलेली असते. पोरं टेबलाभोवती जमली. मी बटण दाबलं. खालून वर उचललेला एक टिपूस आवाज, हौदात थेंब पडावा तसा. "परत लावा सर." सहा वेळा लावला.

मग औंढ्याच्या मुलानं विचारलं, आणि हा प्रश्न मेसेजपेक्षा कितीतरी वजनाचा होता: "असे धक्के बसत असतील तर इथं मशीन चालंल कशी?" तो टाळायचा नाही असं मी ठरवलं. धक्का बसला की आरशांचा तोल जातो आणि मोजणी थांबते. अमेरिकेतल्या यंत्रांची मोजणी जगाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या भूकंपानंही थांबते, मग ती पुन्हा जुळवावी लागते. जागा निवडताना बघतात ते रोजचं थरथरणं. समुद्राच्या लाटा, रेल्वे, कारखाने, अवजड वाहतूक. आपलं ठिकाण त्या बाबतीत शांत आहे. आणि पृथ्वीवर इतक्या लांब आणखी एक कान असला की लहर आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आली ते पुष्कळ बारकाईनं सांगता येतं. पण जिल्ह्यात वर्षात दोनदा साडेचारचा धक्का बसला, तर लोकांनी विचारायलाच हवं, आणि त्यांना गावात, पारावर, मराठीत उत्तर मिळायला हवं. मेसेज मराठीत येतो आणि खुलासा इंग्रजीत, हे मला सहन होत नाही.

संध्याकाळी चहाला मित्राला फळ्याचा फोटो दाखवला. त्यानं नीट बघितला. "चार किलोमीटर वाचलं, आडवं का उभं ते नाही बघितलं," म्हणाला, आणि तिथंच बसून जिथं जिथं पाठवलं होतं तिथं दुरुस्ती टाकली. पण २,६०० कोटींवर तो हटला नाही. एवढ्यात किती तलाव झाले असते, हे त्याचं मत. दुष्काळात टँकरमागं धावलेल्या माणसाचं मत आहे ते, मी त्याला हसून उडवणार नाही. मला वाटतं, तलाव मागताना ही वेधशाळाही मागता येते, आणि आपल्या पोरांना तिथं झाडू मारायला नव्हे, आरसे जुळवायला जाता यावं. साडेआठपर्यंत वाद चालला.

दुसऱ्या दिवशी लाईनमनचा मुलगा तासाच्या आधीच येऊन थांबला. साठच्या काट्याचा आलेख त्यानं छापून घरी नेला होता. वडिलांनी जेवण बाजूला ठेवून तो बघितला म्हणे.

"काय म्हणाले?"

"म्हणले, सरांना विचार, त्या मशीनला लाईन कोणत्या सबस्टेशनवरनं देणारेत?"