कंपनी फिटेड ॲम्प ठेवून नवा स्टिरिओ जोडताना

जुना स्टिरिओ काढायचा, नवा बसवायचा आणि रंग बघून वायरला वायर जोडायची, हे गणित गाडीत कंपनी फिटेड ॲम्प (स्पीकरना ताकद देणारा वेगळा ॲम्प्लिफायर) नसेल तरच जुळतं. ॲम्प असेल तर स्टिरिओच्या मागून निघालेल्या वायरी स्पीकरपर्यंत जातच नाहीत. त्या ॲम्पमध्ये शिरतात, आणि त्या ॲम्पला नेमका कसला सिग्नल हवा आहे हे कळेपर्यंत पुढचं सगळं काम अंदाजाचं राहतं. मी ज्या गाडीवर हे काम केलं तिच्यात सीटखाली ॲम्प होता, डॅशबोर्डमध्ये १८० बाय १०० मिलिमीटरची डबल डिन (दुप्पट उंचीच्या स्टिरिओची) जागा होती आणि कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लगवर) काहीच छापलेलं नव्हतं. म्हणून आधी मल्टिमीटर काढला, पक्कड नंतर.

बॅटरीची मायनस क्लॅम्प काढून दहा मिनिटं थांबलो. डॅशबोर्डमध्ये पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे समजायचे आणि त्यांना हात लावायचा नाही. मीटर तर त्यांच्यावर कधीच टेकवायचा नाही. डॅशची पट्टी प्लॅस्टिकच्या चपट्या पान्याने उचलली. स्क्रू ड्रायव्हरने कडेला कायमचा व्रण पडतो.

मग कपलर सुटा करून गाडीकडच्या बाजूला, स्पीकरच्या म्हणून दिसणाऱ्या जोड्यांचा रेझिस्टन्स मोजला. मीटर २०० ओहमवर ठेवून आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवायच्या. तिथे ०.३ किंवा ०.४ दिसतं, ते पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचं. वायर थेट ४ ओहमच्या स्पीकरला जात असेल तर साधारण ३.२ ते ३.८ येतात. मला चारही जोड्यांवर मीटरने रेंजबाहेर दाखवलं, आणि रेंज वाढवल्यावर आकडा किलोओहममध्ये आला. याचा सरळ अर्थ, मध्ये ॲम्प आहे. वायरी बारीक आणि एकमेकींना पीळ दिलेल्या होत्या, तीही तीच खूण.

यानंतर सीटखाली जाऊन ॲम्पचा बाहेर जाणारा कपलर काढला आणि तिथे तेच मोजलं. मागच्या दारांवर ३.६, पुढच्या दारांवर १.८. म्हणजे पुढचे स्पीकर २ ओहमचे. नव्या स्टिरिओच्या पाठीवर स्पष्ट छापलेलं होतं, ४ ते ८ ओहम. ॲम्प बाजूला सारून स्टिरिओची आउटपुट थेट या स्पीकरना दिली असती तर हळू आवाजात सगळं छान वाटलं असतं. आवाज वाढवल्यावर मात्र आतली आयसी (आउटपुटची चिप) दुप्पट करंट देता देता तापते आणि स्टिरिओ प्रोटेक्शनमध्ये जाऊन मधेच गप्प होतो. पुष्कळ ठिकाणी स्टिरिओ खराब म्हणून परत केला जातो, आणि खरा दोष या दोन ओहममध्ये असतो. म्हणून ॲम्प ठेवायचं ठरलं.

आता मुख्य प्रश्न, ॲम्पला आत काय लागतं? जुना स्टिरिओ आणि सोडवलेले सगळे कपलर परत लावून बॅटरी जोडली, पेन ड्राइव्हवरून १०० हर्ट्झचा टोन लावला आणि एका जोडीवर एसी व्होल्ट मोजत आवाज वाढवत नेला. टोन कमी फ्रिक्वेन्सीचाच घ्यावा, साधे मीटर वरच्या पट्टीत चुकीचा आकडा देतात. आवाज पूर्ण वाढवल्यावर २.६ व्होल्टवर आकडा थांबला. स्पीकर लेव्हलचं आउटपुट असतं तर तो आठच्या आसपास गेला असता. शिवाय स्पीकर आउटपुटच्या दोन्ही वायरींवर अर्थच्या (गाडीच्या बॉडीच्या) तुलनेत बॅटरीच्या निम्मा, म्हणजे सहाएक व्होल्ट डीसी असतो. इथे तो नव्हता. याच कारणासाठी आजच्या स्टिरिओची स्पीकरची मायनस वायर बॉडीला कधीही लावू नये. ती अर्थ नाही, तिच्यातूनही पॉवर निघते, आणि बॉडीला लागली की आउटपुटची आयसी जाते.

मग त्याच जोडीतली एकेक वायर अर्थच्या तुलनेत मोजली. दोन्हींवर १.३. इथे चित्र स्पष्ट झालं: हे बॅलन्स्ड इनपुट आहे. एकच सिग्नल दोन वायरींवर सुलट आणि उलट जातो आणि ॲम्प फक्त त्यांच्यातला फरक घेतो. वाटेत दोन्हींवर सारखाच चढलेला खरखराट त्या वजाबाकीत निघून जातो, म्हणून या वायरी इंजिनच्या हार्नेसजवळून (वायरींच्या जुडग्याजवळून) गेल्या तरी आवाज स्वच्छ राहतो.

नव्या स्टिरिओची आरसीए आउटपुट (मागची गोल सिग्नल सॉकेट) अशी नसते. तिचं बाहेरचं कडं स्टिरिओच्या अर्थला जोडलेलं असतं. खात्री करण्यासाठी एक चॅनल थेट जोडून बघितलं, आतली पिन प्लसला, कडं मायनसला. गाणं वाजलं, पण इंजिन आयडलवर असताना एक बारीक सूं ऐकू येऊ लागली, आणि एक्सिलरेटर दाबला तशी तिची पट्टी चढत गेली. हा अल्टरनेटरचा आवाज. ॲम्पचा अर्थ सीटखाली, स्टिरिओचा डॅशमध्ये, दोन ठिकाणांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक, आणि आता तो फरक थेट सिग्नलच्या वायरीवर. अशा वेळी फिल्टर लावत बसण्यापेक्षा बॅलन्स्ड आउटपुट देणारा ॲम्प इंटिग्रेशन ॲडॉप्टर मध्ये घालावा. तो घातल्यावर आवाज पूर्ण गेला. ट्रान्सफॉर्मरवाला ग्राउंड लूप आयसोलेटरही चालतो, पण स्वस्तातल्या आयसोलेटरचा गाभा इवलासा असतो आणि खालचा बेस तिथेच मरतो.

ज्या गाडीत स्टिरिओपासून ॲम्पपर्यंत तांब्याच्या वायरीऐवजी ऑप्टिकल फायबर जातं, तिथे यातलं काहीच लागू होत नाही. त्या गाडीसाठीच बनवलेला इंटरफेस घ्यावा लागतो.

नव्या स्टिरिओच्या पॉवरच्या बाजूला रंग सहसा ठरलेले असतात: पिवळी कायम १२ व्होल्ट, लाल चावीनंतर, काळी अर्थ, केशरी दिव्यांची. आयएसओ कपलरमध्ये (ठरलेल्या पिनांच्या स्टँडर्ड प्लगमध्ये) चार नंबरची पिन कायम आणि सात नंबरची चावीनंतरची असते, पण काही गाड्यांत या दोन अदलाबदल केलेल्या सापडतात. उलट जोडल्या गेल्या तर चावी काढली की सेव्ह केलेली स्टेशनं आणि सेटिंग पुसली जातात. काही नव्या गाड्यांत चावीनंतरची वायरच नसते, तो संदेश कॅन बसवरून (गाडीतल्या डेटाच्या वायरींवरून) येतो. तिथे कॅन वाचून लाल वायरला १२ व्होल्ट देणारा ॲडॉप्टर लागतो.

सर्वांत जास्त गोंधळ निळ्यात होतो. साधी निळी अँटेनाची, निळी-पांढरी ॲम्प चालू करण्याची. ॲम्पची वायर साध्या निळीला जोडली तर बऱ्याच स्टिरिओंत रेडिओ वाजतो आणि ब्लूटूथ लावलं की शांतता, कारण निळीवर फक्त रेडिओ लावल्यावर १२ व्होल्ट येतात. ही वायर लालला जोडून काम भागतं असंही सांगितलं जातं. तसं केलं तर स्टिरिओ मधेच बंद केला तरी ॲम्प जागाच राहतो आणि चावी फिरवताना स्पीकरमध्ये धप्प आवाज येतो. निळी-पांढरी थोडाच करंट देते. ॲम्पची ओढ स्टिरिओच्या पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर मध्ये रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच) घालून त्याच्या कॉइलला उलटा डायोड लावावा.

कंपनीचा कपलर कापू नये, इतकं तरी पाळावं. त्याच्या जोडीचा हार्नेस मिळतो आणि सगळे जोड टेबलावर बसून निवांत करता येतात. वायर ८ ते १० मिलिमीटर सोलली, हीट श्रिंकची नळी आधीच सरकवून ठेवली, पीळ देऊन डाग दिला आणि नळी तापवून बसवली. जोड एका ओळीत न ठेवता मागेपुढे ठेवले, नाहीतर एकाच जागी गाठोडं होतं आणि स्टिरिओ शेवटचा इंचभर आत जात नाही. नुसती काळी टेप डॅशबोर्डच्या उष्णतेत पाझरते, गोंद चिकट पाण्यासारखा होतो आणि टेप सुटत जाते.

पोलॅरिटीसाठी (स्पीकरचं प्लस-मायनस तपासायला) ॲम्पचा आउटपुट कपलर काढून स्पीकरच्या वायरींना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. प्लसला प्लस लागला की दारातल्या स्पीकरचा कोन बाहेर येतो. चारांपैकी एक जरी उलटा असला तरी बेस पातळ होतो, आणि माणूस इक्वलायझर ढकलत बसतो.

लेव्हल लावताना ॲडॉप्टरचे लेव्हलचे स्क्रू सगळ्यात खाली, बेस बूस्ट आणि लाउडनेस बंद, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर. तिथून स्क्रू हळूहळू वाढवत फाटका आवाज ऐकू आला की थोडा मागे घेतला. उलट केलं, म्हणजे स्क्रू वर आणि स्टिरिओ हळू, तर गाणं थांबल्यावर सतत सळसळ ऐकू येते.

पॅनल बसवण्याआधी बॅटरीच्या मायनसमध्ये १० ॲम्पिअरच्या रेंजवर मीटर सीरिजमध्ये लावून गाडी लॉक केली आणि अर्धा तास ठेवली. आकडा ५० मिलिॲम्पिअरच्या खाली उतरायला हवा. काहीशे दिसत असतील तर आधी निळी-पांढरी सोडून बघावी, बहुतेक वेळा ॲम्पच झोपलेला नसतो. मीटर मध्ये असताना स्टार्टर मारू नये. आणि स्क्रू आवळण्यापूर्वी रिव्हर्स गिअर टाकून पार्किंगचा बीप येतो का ते ऐकावं. काही गाड्यांत तो जुन्या स्टिरिओतूनच स्पीकरला जात असतो. तो गेला असेल तर वेगळा बझर लावायला डॅश उघडा आहे तोवरच जागा मिळते.